लाल बटण आलं की सोबतीण

हल्ली त्याला ‘डूला’ म्हणतात. माझ्या भाचीनं इंदूरला त्याचं शिक्षण घेतलं आणि कळा सोसणाऱ्या बाईजवळ कुणीतरी सतत बसून राहणं किती मोलाचं असतं, ते मला फोनवर पुष्कळ वेळ समजावून सांगितलं. मी निमूटपणे ऐकून घेतलं. शेवटी राहवेना, तेव्हा म्हणाले, “अगं, हे आम्ही देवासला डब्यातनं बटणं काढून तपासलं होतं!”

पलीकडून लगेच, “आत्या, बटणं?”

तर ती बटणांची हकीकत आता लिहूनच टाकते. आमच्या देवासच्या मराठीत हिंदी आणि माळवी मिसळलेली असते, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

माझी पहिली नेमणूक धार जिल्ह्यात गंधवानीला होती. नुकतीच नर्स झालेली, सायकलसुद्धा धड येत नव्हती. तिथं बायका दवाखान्यात यायच्या नाहीत, आपणच पाड्यावर जायचं. पहिल्या खेपेला आत शिरले तर त्या झोपडीत बायकाच बायका. एक बाळंतिणीला पाठीमागून कवेत धरून बसलेली, एक कंबर दाबत होती. तिसरी काहीच करत नव्हती. नुसती समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, ही उगीच जागा अडवून बसली आहे. तिला बाहेर जायला सांगितलं, तर बाळंतीण माझ्याच अंगावर खेकसली!

उगीच गोडवे गात नाही. त्या झोपड्यांतून मी मेलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. रक्त थांबत नाही, वार पडत नाही, रस्ता नाही, गाडी नाही. दवाखाना हवाच, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. म्हणून सत्तरचं दशक सरता सरता बदली होऊन देवासच्या मोठ्या दवाखान्यात आले तेव्हा फार आनंद झाला. पांढऱ्या फरश्या, उकळलेली हत्यारं, रक्ताच्या बाटलीची सोय.

आणि लेबर रूमच्या दारावर पाटी: नातेवाईकांना प्रवेश नाही.

आत लोखंडी टेबलं ओळीनं. बाई एकदा आत गेली की एकटी. आम्ही दोघी नर्सा चार जणींमागे धावणार. ओरडली की आया खेकसणार, “चुप रह, पहली बार बच्चा हो रहा है क्या दुनिया में?” त्यात देवासला तेव्हा कारखाने नवे नवे आलेले. साताऱ्या-सोलापूरकडची, खानदेशातली जोडपी नोकरीसाठी येऊन खोल्या घेऊन राहिलेली. माहेर लांब, सासर लांब. नवरा दारापर्यंत आणून सोडायचा आणि बाहेर बिड्या ओढत उभा राहायचा. ती पोर आत जाताना मागे वळून वळून बघायची. ते बघणं मला सोसत नसे.

पण सोसत नाही म्हणजे काय करायचं, ते मला कुठं माहीत होतं! ते घेऊन आल्या डॉक्टर मालती परांजपे.

बाई इंदूरच्या. उंच, चष्मा नाकावर घसरलेला, बोलताना पदर खांद्यावरून खाली आला तरी भान नाही. एकदा दुपारी चहाच्या वेळी त्यांनी एका परदेशी मासिकातला लेख माझ्यासमोर ठेवला. इंग्रजी. मला त्यातलं कितीसं कळणार? बाईंनीच सांगितलं. दूरच्या एका गरीब देशात, आपल्यासारख्याच गर्दीच्या दवाखान्यात, काही बायकांजवळ एकेक सोबतीण बसवली. नात्याची नाही, अगदी अनोळखी. तिनं हात धरायचा, पाठ चोळायची, बोलायचं. बस्स. आणि त्या बायका लवकर मोकळ्या झाल्या, अडचणीही कमी आल्या, असं तिथल्या डॉक्टरांना दिसलं.

माझ्या अंगावर काटाच आला. मी म्हटलं, “बाई, मग उद्यापासून बसवू या की!”

“थांबा सिस्टर. तिथं झालं म्हणून इथं होईलच असं नाही. आपण बघू या.”

“बघायचं काय त्यात? दिसतंच आहे.”

“तुम्हाला दिसतंय, कारण तुम्हाला ते हवंय,” बाई हसून म्हणाल्या. “मलाही हवंय. म्हणून तर आपल्या दोघींवर विश्वास ठेवता येत नाही.”

हे वाक्य मला पचायला बरेच दिवस लागले.

परवानगीसाठी आम्ही दोघी बड्या साहेबांकडे गेलो. साहेब शिस्तीचे, मिशीचा केससुद्धा इकडचा तिकडे नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, ये अस्पताल है, मेला नहीं है. आज एक औरत अंदर आएगी, कल पूरा गाँव आएगा. इन्फेक्शन हुआ तो कौन जवाब देगा?”

“मैं,” बाई म्हणाल्या. “आणि सर, इन्फेक्शन वाढलं तर तेही आम्ही मोजू. आपणच पहिलं सांगू की हा प्रयोग बंद करा.”

स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही मोजू म्हणणारं माणूस साहेबांना नवीन असावं. त्यांनी पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. त्याच्या पुढे एक दिवस नाही.

आता सोबतीण कोण? मी आमच्याच गल्लीतल्या रखमाकाकूंचं नाव सुचवलं. त्यांच्या सासरचे मूळ पुरुष मराठी दरबाराबरोबर इकडे आलेले, घोड्यांची खोगिरं शिवणारे. दरबार गेला, घोडे गेले, घरात शाळेच्या पोरांची दप्तरं शिवणं सुरू झालं. काकू अंगानं दणदणीत, हसल्या की गल्ली दुमदुमायची, आणि बोलणं सुरू झालं की थांबणं नाही. बाईंनी त्यांना आठवडाभर शिकवलं: हात कसे धुवायचे, कुठल्या वस्तूला शिवायचं नाही, औषधपाण्याचा सल्ला द्यायचा नाही, पोट दाबायचं नाही, कळ आली की श्वास कसा घ्यायला लावायचा, कंबर कशी चोळायची, पाणी कधी पाजायचं. काकूंनी सगळं झटक्यात उचललं. एकच गोष्ट जमेना. गप्प बसणं.

“काकू, ती बोलली तर बोला. नाही बोलली तर नुसत्या जवळ असा,” बाई सांगायच्या.

“अहो, पण नुसतं बसायचं म्हणजे माझ्याच पोटात कळा यायला लागतात!” काकू म्हणायच्या.

सगळी मेहनत वाटून घ्यायला आणखी दोघी-तिघी तयार झाल्या, पण काकू त्या काकूच.

आणि बटणं? तीही काकूंच्याच शिवणाच्या पेटीतली. एका पत्र्याच्या डब्यात जितकी लाल तितकीच पांढरी. कळा सुरू होऊन बाई आली, तपासणीत सगळं सरळ दिसलं, जुळं किंवा आडवं मूल नसलं, की तिला आधी विचारायचं: आम्ही असं असं करून बघतो आहोत, तू त्यात येशील का? हो म्हणाली तर दारावरच्या आयानं न बघता डब्यातून बटण काढायचं. लाल आलं तर सोबतीण. पांढरं आलं तर आजवर चालत आलं तसंच. का? तर निवड आमच्या हातात राहू नये म्हणून. मी निवडायला बसले असते तर जी जास्त रडते तिला सोबतीण दिली असती. मग शेवटी हिशेब कसा लागणार? दुसऱ्या दिवशी त्या बायकांना ‘कसं वाटलं’ हे विचारायलाही दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर यायची. कुणाचं बटण कुठलं हे तिला सांगायचं नाही, म्हणजे तिच्या विचारण्यात झुकतं माप नको. अशा युक्त्या ऐकून मी वेडी व्हायची बाकी होते. खरं काय ते शोधायलाही इतकी कारागिरी लागते, हे मला नर्सिंगच्या शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं!

पहिलं लाल बटण आलं ते एका कारखान्यातल्या फिटरच्या बायकोचं, सुनीता तिचं नाव, कराडकडची. काकू आत गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “कुठली गं तू पोरी?” मराठी ऐकल्याबरोबर ती पोर ढसाढसा रडली. बाईंनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. पण ते रडणं वेगळं होतं. ती रडून मोकळी झाली आणि मग कळांच्या मधल्या वेळात चक्क गप्पा मारायला लागली. लेबर रूममध्ये गप्पा! तिकडे वांग्याचं भरीत कसं करतात यावर दोघींचं भांडण जुंपलं होतं, तेवढ्यात मूल बाहेर आलं.

मी त्या दिवशी घरी उडत उडत गेले.

आणि मग कमल आली. पहिलटकरीण, लहानखुरी, अंगात ताकद नाही, बोलताना आवाज कापत होता. नवऱ्याशिवाय गावात कुणी नाही. तिला सगळं समजावलं, ती लगेच हो म्हणाली. काकू समोरच बाकावर मोकळ्या बसल्या होत्या, कमलनं त्यांच्याकडे पाहिलंही. आयानं डब्यात हात घातला. पांढरं.

कमलला आत नेलं. तिनं माझ्या साडीचा पदर सोडला नाही, शेवटी मीच बोटं सोडवली. बाहेर आले तर काकू उभ्या.

“सुधा, मी इथं रिकामी बसलेय आणि ती पोर तिथं एकटी विव्हळतेय. हा कसला गं तुमचा अभ्यास? माणसापेक्षा बटण मोठं?”

मी तरातरा बाईंच्या खोलीत गेले आणि तेच त्यांना विचारलं. बाईंनी चष्मा काढला.

“सिस्टर, सोबतीण असल्यानं नक्की भलं होतं हे आपल्याला माहीत असतं, तर ही बटणं काढणं पाप होतं. आपल्याला माहीत नाही. आज कमलला आत सोबत दिली, उद्या दुसरीला दिली, तर पावसाळ्यानंतर साहेब विचारतील की काय सिद्ध झालं, आणि आपल्याजवळ काही नसेल. दार पुन्हा बंद. मग पुढच्या सगळ्या कमल एकट्याच.”

“आणि ही कमल?”

“हिच्यासाठी तुम्ही आहात, मी आहे. नेहमीची देखभाल कमी करा असं कुणी म्हटलं? चला, मीही येते.”

आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, तपासलं, धीर दिला. पण खरं सांगते, दुसऱ्या टेबलावरून हाक आली की जावं लागायचं, आणि पाठ वळली की तिचं विव्हळणं वाढायचं. मूल सुखरूप झालं. कमलही धडधाकट. तिला वॉर्डात हलवलं आणि दुसऱ्या दिवसाची विचारपूस उरकली, तेव्हा काकू वाटच बघत असल्यासारख्या डिंकाचा लाडू घेऊन तिच्या खाटेवर जाऊन बसल्या. बाई कमलच्या बाळंतपणाच्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी गेल्या होत्या, हे मला आयानं सांगितलं. म्हणजे त्यांनाही ते सोपं गेलं नव्हतं.

त्यानंतरचा एक प्रसंग तर अजून डोळ्यांपुढे आहे. भर सकाळ, टोंकखुर्दकडची एक बाई, लाल बटण. काकू तिच्याजवळ. मी पलीकडे एकीचे टाके घालायच्या तयारीत. काकूंनी हाक मारली, “सुधा, ही म्हणते डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. आणि मघापासून कपाळ धरून आहे.”

मी धावले. आल्या वेळी तिचा रक्तदाब ठीक होता. आता लावला तर पारा भराभर वर चढलेला! झटके येण्याच्या आधीची ही खूण. बाईंना बोलावलं, इंजेक्शनं दिली, सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. झटका आला नाही. संध्याकाळच्या आत आई आणि मुलगी दोघी छान! एकटी असती तर ते काजवे तिनं कुणाला सांगितले असते?

मी बाईंना म्हटलं, “आता तरी पुरावा झाला की नाही?”

“नाही,” बाई म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा फुललेला होता. “ही एक घटना झाली. एखादवेळी तुम्हीच ते वेळेवर पाहिलं असतं. पुरावा सगळ्या मिळून होतो.” मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, “पण सिस्टर, काय दिवस होता हो आजचा!” आणि दोघी खदाखदा हसलो.

पावसाळा संपला. बाईंनी सगळ्या नोंदी जुळवल्या आणि आम्ही साहेबांपुढे गेलो. मी मनात भाषणच तयार केलं होतं. बाईंनी मात्र सरळ सांगायला सुरुवात केली. सोबतीण असलेल्या बायकांना दुखणं कमी करायची आणि झोपेची इंजेक्शनं कमी लागली. त्यांना एकटं वाटलं नाही. बाळ लवकर छातीशी घेतलं. इन्फेक्शन वाढलं नाही. मी मान डोलवत होते.

“और ऑपरेशन?” साहेबांनी विचारलं. “वो कम हुए?”

“सांगता येत नाही, सर. आपल्याकडच्या बायका त्यासाठी फार थोड्या होत्या. आणि वेळेतही फरक दिसला, पण तो योगायोगही असू शकतो. तेवढ्यावरून मी छातीठोकपणे सांगणार नाही.”

मी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास बाई स्वतःच टाकून देत होत्या! साहेबांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, “मॅडम, लोग मेरे पास आते हैं तो सब फायदा ही फायदा बताते हैं. आपने वो भी बताया जो आपके काम का नहीं था.” लेबर रूमच्या पाटीच्या दिशेनं बोट दाखवून म्हणाले, “ठीक है. एक औरत. सिर्फ एक. हाथ धोकर. और कौन, ये वो खुद बताएगी जो अंदर लेटेगी. नहीं तो दरवाज़े पर रोज़ सासों की कुश्ती होगी.”

अर्ध्या तासात पाटी उतरली.

कुस्ती मात्र पहिल्याच दिवशी झाली. एका खेड्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रेशम नावाची सून आली. तिच्याबरोबर सासू, जाऊ, चुलतसासू, दोघी शेजारणी. नवीन नियम सांगितला, तशी सासूनं चपला काढून हात धुवायला घेतले. “म्हूँ जाऊँगी. म्हूँ सास हूँ.”

मी म्हटलं, “मांजी, ठहरो. बहू से पूछना है.” आणि रेशमला विचारलं, “थारे पास कुण रेगा? तू बोल.”

‘तुझ्याजवळ कोण राहील’ हा प्रश्न आपल्यालाच उद्देशून आहे, हेच तिला कळेना. तेवढ्यात कळ आली, तिनं चौकट घट्ट धरली. ओसरल्यावर तिनं मान वळवून ट्रॉलीकडे बघितलं. तिथं एक बाई अजून वरच बसली होती, खाली उतरलीच नव्हती. पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही.

“जीजी,” रेशम म्हणाली.

ती तिची विधवा नणंद. सासूचीच लेक. सासू कळवळून ओरडली, “वा नी! असा शुभ काम में वा नी जाएगी!” शुभकार्याला विधवा नको, म्हणून शेजारणींनीही माना हलवल्या. नणंद तर अंग चोरून आणखीच मागे सरकली. नियम आजच लागू झालेला, आणि आजच मोडतो की काय!

गलका ऐकून साहेब व्हरांड्यात आले. त्यांना सांगितलं. त्यांनी सासूला हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, “मांजी, नियम तो नियम है. बहू ने जिसका नाम लिया, वही अंदर जाएगी. मैं भी इसे नहीं बदल सकता.”

नणंद उतरली. मी तिचे हात कोपरापर्यंत धुऊन घेतले. आत येऊन भिंतीला चिकटून उभी राहिली, जवळ जायला धजेना. रेशमनंच हात पुढे केला. मग जी ती जवळ येऊन उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाही. फार बोलली नाही. केस मागे सारायची, कपाळ पुसायची, कळ आली की दोघी एकदमच श्वास सोडायच्या. मी पुष्कळ बाळंतपणं केली, पण त्या दिवशी मला करायला फारसं काही उरलंच नव्हतं.

दुपारी मुलगा झाला. खणखणीत रडला! पुसून, गुंडाळून, तो मी नणंदेच्याच हातात दिला आणि म्हटलं, “तुम ही बाहर दिखाओ.” ती नको नको म्हणाली. रेशम टेबलावरून म्हणाली, “जाओ जीजी.”

मी दार उघडलं. बाकावरच्या सगळ्या बायका उठल्या. ती आईसमोर जाऊन उभी राहिली, नजर खाली, बाळ पुढे केलेलं. सासूनं नातवाकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. सकाळी आत गेल्यापासून लेक उभीच होती.

“बैठी जा,” सासू म्हणाली, आणि बाकावर सरकून स्वतःच्या शेजारी जागा केली. “ऊबी-ऊबी थाकी गई वेगा.”